गुडघ्याचा अबोला

वैजयंता शिरोळे पडली तेव्हा तिच्या आसपास कुणीच नव्हतं. कुणी आडवा पाय घातला नव्हता की कुणाचा धक्का लागला नव्हता. उजव्या बगलेवरून चेंडू घेऊन ती सुसाट निघाली, समोरच्या बॅकला चकवायला तिनं डावीकडे झोक दिला, आणि उजवा पाय जमिनीत रुतल्यासारखा जागच्या जागी राहिला. अंग वळलं, पाय वळला नाही. गुडघ्याच्या आत ओली काठी मोडावी तसं काहीतरी झालं आणि ती तोंडावर आपटली.

पंचगंगा विद्यापीठाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. ऊन अलीकडे असं झालं होतं की कोल्हापुरात सामने भल्या सकाळीच उरकावे लागत. तरी गॅलरी भरलेली होती. फुटबॉल म्हटलं की या गावाला झोप नको, चहाही नको. गॅलरीच्या पहिल्या ओळीतून एक धिप्पाड, जरासा लंगडणारा माणूस कठडा ओलांडून मैदानात शिरला. ते वैजूचे वडील, भाऊसाहेब शिरोळे. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. तरुणपणी पेठेच्या संघाचे फॉरवर्ड होते, आता बॅटरीवरच्या स्कूटर दुरुस्त करत.

"वैजे, ऊठ. मुरगळलाय नुस्ता."

"मुरगळला न्हाई, आप्पा," ती दात आवळून म्हणाली. "तुटलंय आत."

प्रशिक्षक इकबाल जमादार तोवर तिच्या पायाशी येऊन बसले होते. त्यांनी नडगी धरून हलकेच पुढं ओढून पाहिली. ती नको तितकी पुढं आली. सरांनी मान वर केली नाही, पण त्यांचा चेहरा वैजूला दिसला आणि तेवढ्यावरून तिला कळायचं ते कळलं.

इस्पितळात मात्र कुणी रडलं नाही. उलट जो तो हसतमुख. कारण गेल्या तीन वर्षांत गुडघ्याच्या दुखण्याची सगळी कथाच बदलून गेली होती.

मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा बोटाएवढा एक बंध असतो. पळता पळता दिशा बदलताना सगळा भार त्याच्यावर येतो. तो तुटला की पूर्वी डॉक्टर खेळाडूच्याच मांडीतली एक पट्टी काढून त्याच्या जागी बसवत, आणि मग वर्षभर वाट पाहत. आता रेशीमबंध आला होता. रेशमाच्या किड्याच्या कोशातून धागा काढायचा, त्यावरचा चिकट थर धुऊन टाकायचा, धाग्यांची वेणी घालायची आणि त्या वेणीवर खेळाडूच्याच पेशी पेरायच्या. मग ती वेणी कोमट द्रवाच्या टाकीत ठेवून यंत्रानं हळूहळू ताणायची, सोडायची, पुन्हा ताणायची. पेशींना वाटतं आपण पळणाऱ्या पायात आहोत. त्या कामाला लागतात आणि रेशमाच्या आधारानं खरा बंध विणून काढतात. विद्यापीठाच्या प्रत्येक खेळाडूच्या पेशी हंगामाआधीच काढून ठेवलेल्या असत. त्यामुळे तुटलेला बंध सहा आठवड्यांत बदलून मिळे.

"पहिल्यापेक्षा मजबूत," डॉक्टर अनुप्रिता हेर्लेकर म्हणाल्या. बाई पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. हा बंध विकसित करणाऱ्या चमूत त्या स्वतः होत्या. "ओढून तोडायचा म्हटला तरी तुटायचा नाही."

आप्पांनी इस्पितळाच्या पायरीवरच पेढे वाटले.

वैजूच्या मनात मात्र एक खडा टोचत होता. विद्यापीठ लीगचा नियम असा होता, की कॉलेजात नाव घातल्यापासून पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे. एक वर्ष संघासोबत राहून, सराव करून, सामना न खेळता काढता येई. ते हिशेबात धरत नसत. अशा मुली सरावात लाल जर्सी घालत, म्हणून त्याला सगळे लाल वर्ष म्हणत. अमेरिकेतल्या कॉलेजांची ही पद्धत लीगनं उचलली होती. वैजूचं लाल वर्ष, ती अकरावी-बारावीतून नुकतीच आलेली काडीसारखी पोर असताना, पहिल्याच वर्षी संपलं होतं. आता चौथा हंगाम चालू होता. शेवटचा.

पूर्वी यातून एक वाट होती. हंगामाच्या सुरुवातीलाच कुणी मोठी जखमी झाली, तर तिला दवाखान्याचं लाल वर्ष मिळे. तो हंगाम खेळलाच नाही असं धरून पुढचं वर्ष देत. पण रेशीमबंध आल्यावर लीगनं नियम आवळला. दुखणं सहा आठवड्यांत बरं होत असेल तर वर्ष कशाला द्यायचं? गुडघ्याची ताकद एका यंत्रावर मोजायची. काटा नव्वदच्या वर गेला, की खेळाडू तंदुरुस्त. मग ती खेळो वा न खेळो, हंगाम तिच्या नावावर पडला.

वैजूचा काटा सहा आठवड्यांनी शहाण्णववर गेला. तंत्रज्ञानं टाळ्या वाजवल्या.

*

मैदानावर परतल्यावर पहिल्याच सकाळी तिला उमगलं, की काहीतरी बिनसलंय.

दुखत नव्हतं. सूज नव्हती. सरळ रेषेत पळताना तर पाय जुन्यासारखाच चाले. पण चेंडू अडवून वळायची वेळ आली, की उजवा पाय क्षणभर नाहीसाच होई. म्हणजे दिसायचा, पण आहे असं वाटायचं नाही. अंधारात जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसा पाय पोकळीत जाई. त्या एका क्षणात चेंडू गेलेला असे.

पहिल्या सामन्यात तिच्याकडून तीनदा चेंडू हिसकावला गेला. दुसऱ्यात सरांनी तिला मध्यंतराला बाहेर घेतलं. बाकाकडे चालत येताना गॅलरीतलं कुजबुजणं तिला स्वच्छ ऐकू आलं.

"घाबरलीया पोरगी."

"होतंय तसं. एकदा आपटलं की काळीज बसतंय."

घरी आप्पाही तेच म्हणाले, फक्त जरा समजुतीच्या सुरात. "माझा गुडघा नारळाएवढा सुजायचा, तरी फडकं गुंडाळून खेळायचो. भीती मनात असती, वैजे. तिला लाथ घालायची."

"आप्पा, मी घाबरत न्हाई. मला तो पायच सापडत न्हाई."

आप्पांनी ऐकून घेतलं आणि स्कूटरचं चाक फिरवत राहिले. त्यांना ते पटलं नव्हतं, हे वैजूला त्यांच्या पाठीवरून कळलं.

इकबाल सरांनी मात्र चार सराव नुसते पाहिले आणि मग तिला घेऊन थेट डॉक्टर हेर्लेकरांकडे गेले.

डॉक्टरांनी तिला पलंगावर बसवून डोळ्यांवर पट्टी बांधली. तिचा उजवा पाय हातात घेऊन गुडघा थोडा वाकवला आणि म्हणाल्या, "आता डावा पाय बरोब्बर एवढाच वाकव."

वैजूनं वाकवला. पट्टी काढली तेव्हा तिनं खाली बघितलं आणि ती बघतच राहिली. उजवा पाय जवळजवळ सरळ होता. डावा तिनं काटकोनात मुडपला होता.

डॉक्टर खुर्चीत मागं टेकल्या. मग म्हणाल्या, "हे मला आधी सुचायला हवं होतं. हे बघ, गुडघ्यातला बंध म्हणजे नुसता दोर नसतो. त्याच्यात बारीक बारीक मज्जातंतूंची टोकं असतात. गुडघा किती वाकला, किती पिळला, कुठं ताण आला, हे ती टोकं मेंदूला सारखी कळवत असतात. तू डोळे मिटून जिना उतरतेस ती त्यांच्या जिवावर. आम्ही दोर नवा दिला, चांगला दिला. पण तारा तुटल्या त्या तुटल्याच. त्या सावकाश वाढतात, एका दिवसात केसाएवढ्या. जुन्या शस्त्रक्रियेनंतर मुली वर्षभर घरी बसायच्या, तेवढ्यात गुपचूप बऱ्याचशा जुळून यायच्या. कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आता आम्ही दोर लवकर देतो, आणि तारांना वेळच मिळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या गुडघ्यानं मेंदूशी अबोला धरलाय. भांडण मिटेल. पण वर्षभर तरी लागेल."

"आणि काटा?" सरांनी विचारलं.

"काटा दोर मोजतो, जमादार. बोलणं मोजत नाही."

डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत एक टोपी होती. मेंदूतले विजेचे तरंग टिपणाऱ्या बारीक चकत्या तिला आतून लावलेल्या होत्या. ती डोक्यावर घालायची आणि गुडघ्याला यंत्रानं अगदी नकळत झटका द्यायचा. गुडघा बोलता असेल तर पडद्यावरच्या रेषेवर लगेच उंचवटा उठतो. वैजूच्या डाव्या गुडघ्याला झटका दिला. छान टेकडी उठली. उजव्याला दिला. रेषा रंकाळ्याच्या शांत पाण्यासारखी सपाट.

वैजूला रडू आलं, आणि बरंही वाटलं. ती घाबरट नव्हती.

"हे घेऊन पुण्याला लीगच्या समितीपुढं जाऊ," सर म्हणाले. "ह्यात खोटं करता येत नाही. वर्ष मिळंल."

"मिळेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण जमादार, ही गोष्ट वैजूपाशी थांबायची नाही. अबोल गुडघा धोक्याचा असेल तर तो सगळ्यांनाच धोक्याचा. ज्या ज्या मुलींनी रेशीमबंध बसवलाय, त्या सगळ्यांना समिती ही टोपी घालायला लावेल. रेषा सपाट आली की बाहेर."

"धोका आहे का खरंच?" वैजूनं विचारलं.

"आहे. पण किती, ते मला ठाऊक नाही. काही मुली दुसरी वाट शोधतात. मेंदू मोठा खटपट्या असतो. मोजमाप माझं, वैजू, पण गुडघा तुझा. तू हो म्हटल्याशिवाय मी ते कुणाला दाखवणार नाही."

परतीच्या वाटेवर वैजूच्या डोळ्यांपुढं तिच्या खोलीतली मैत्रीण दीक्षा होती.

*

दीक्षा कांबळे संघाची मधली बॅक. पाच वर्षं दोघी वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहत होत्या, एकमेकींचे मोजे घालत होत्या. गेल्या हंगामात दीक्षाचाही गुडघा गेला होता, तिलाही रेशीमबंध बसवला होता, आणि तीही सहा आठवड्यांत परतली होती. यंदा तर ती अशी खेळत होती, की देशाच्या संघाच्या शिबिरासाठी तिचं नाव जवळपास ठरल्यातच जमा होतं. निवड याच महिन्यात व्हायची होती.

वसतिगृहाच्या गच्चीवर दीक्षा जर्सी वाळत घालत होती. वैजूनं तिला सगळं सांगितलं. दोर, तारा, टोपी, समिती.

दीक्षानं हातातला चिमटा दोरीवर लावला. दुसरा लावला. मग म्हणाली, "मला ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"माझाबी गुडघा बोलत न्हाई. पहिल्या दिवसापासनं."

"आणि तू बोलली न्हाईस? मलाबी?"

"काय बोलू? काटा नव्वदच्या वर दाखवतोय, आणि मी म्हणू पाय न्हाई मला? येडी म्हणली असती सगळी." दीक्षा कठड्याला टेकली. "पहिले दोन महिने मी रोज पडायचो, वैजे. सगळी गेल्यावर मैदानावर थांबायचो आणि पडायचो. मग मी पायाकडं बघाय शिकलो. चेंडू यायच्या आधी एकदा खाली बघायचं, पाऊल कुठं हाय ते टिपायचं, आणि मग वर. घोट्याला विचारायचं, कमरेला विचारायचं. गुडघा न्हाई सांगत तर त्याचे शेजारी सांगतात की."

"पण हे धोक्याचं हाय."

"आसंल. माझ्या जिवाचा धोका मी घेतो. समितीनं का ठरवायचं?" तिचा आवाज चढला. "तू टोपी घिऊन पुण्याला जाशील. तुला वर्ष मिळंल. आणि माझी रेघ सपाट आली की मला शिबिराच्या तोंडावर घरी बसवतील. माझाबी हा शेवटचा हंगाम हाय. माझं लाल वर्ष संपलंय, तुझ्यासारखंच."

"मग मी काय करू, दीक्षे? मी तुझ्यासारखी दोन महिने पडत बसू? हंगाम संपंल तवर!"

"मला न्हाई म्हायीत तू काय करायचं ते." दीक्षानं रिकामी बादली उचलली. "तुला करायचंय ते कर. फक्त मला विचारू नको."

ती जिना उतरून गेली. त्या दिवसापासून एका खोलीत राहूनही दोघी बोलेनाशा झाल्या. सकाळी एक उठली की दुसरी कूस बदलून पडून राही.

पुढच्या सामन्याला वैजू बाकावर बसून फक्त दीक्षाला पाहत राहिली. एकदा सांगितल्यावर ते लख्ख दिसत होतं. चेंडू निघायच्या अगोदर दीक्षाची नजर पापणी लवावी तशी खाली जाई आणि वर येई. दर वेळी. तेवढ्यात ती जागा धरी, अंगानं प्रतिस्पर्ध्याला अडवी, आणि चेंडू काढून घेई. गॅलरी तिच्या नावानं ओरडत होती. टोपीनं तिला बाद ठरवलं असतं, आणि मैदानावर तिच्याइतकी पक्की दुसरी कुणी नव्हती.

*

सरांनी लाल वर्षासाठी समितीकडे अर्ज केला होता. सुनावणीच्या आधी वैजू घरी गेली. आप्पा दुकानात एका स्कूटरची बॅटरी उघडून बसले होते.

"आप्पा, डोळ्याला फडकं बांधा माझ्या."

"काय खेळ लावलायस?"

"बांधा तर."

त्यांनी खांद्यावरचा पंचा बांधला. ती स्टुलावर बसली. "आता माझा उजवा पाय धरा आणि पाहिजे तिथं ठेवा. मी सांगतो कुठं हाय."

आप्पांनी पाय उचलला. त्यांचे हात ग्रीसनं काळे झाले होते. त्यांनी गुडघा वाकवून पाय बाजूच्या टायरवर ठेवला.

"सरळ हाय," वैजू म्हणाली. "पुढं, जमिनीवर."

आप्पांनी पाय पुन्हा उचलला, दुसरीकडे ठेवला. तिनं पुन्हा चुकीचं सांगितलं. तिसऱ्यांदाही तसंच. मग पाय सोडायचं सोडून ते तो तसाच मांडीवर घेऊन बसले, लहानपणी काटा काढायला घेत तसा.

"मी तुला भित्री म्हणलो," ते म्हणाले. "सगळ्या गल्लीत म्हणलो."

"जाऊ दे, आप्पा."

"न्हाई, जाऊ कसं दिऊ?" त्यांनी पंचा सोडला. "आता काय करायचं मनात हाय?"

तिनं दीक्षाचं सांगितलं. आप्पांनी पंचा खांद्यावर टाकला. "मी तुझ्या जागी आसतो तर टोपी दाखवली आसती," ते शेवटी म्हणाले. "मी असाच माणूस हाय. पण तू मला विचारून करू नको. मी बाप हाय, मला तुझंच दिसणार."

*

समितीची खोली पुण्यात, एका उंच इमारतीत होती. टेबलापलीकडे तिघं बसले होते. मधोमध अध्यक्षा परुळेकर, एकेकाळच्या धावपटू, केस पांढरे, बोलणं मऊ. टेबलाअलीकडे वैजू, इकबाल सर आणि डॉक्टर हेर्लेकर. डॉक्टरांच्या पिशवीत टोपीचं मोजमाप होतं. दारात शिरताना वैजूनं त्यांच्याकडे पाहून मान हलवली होती. नको. डॉक्टरांनी फक्त पिशवीची चेन ओढून घेतली होती.

वैजूनं जे होतं ते सांगितलं. काटा शहाण्णव आहे. बंध मजबूत आहे. पण पाय जाणवत नाही. मग डॉक्टरांनी तारांचं सगळं समजावून दिलं, सरांनी मैदानावर पाहिलेलं सांगितलं.

"डोळे बांधून पाय दाखवायची चाचणी मी वाचली," परुळेकर म्हणाल्या. "पण ती तुझ्या सांगण्यावर चालते ना? कुणी मुद्दाम चुकीचं सांगितलं तर?"

"सांगू शकतं, मॅडम."

"गेल्या वर्षी एका संघानं काय केलं ठाऊक आहे? काटा खाली यावा म्हणून गुडघ्यात सुई टोचून बंध सैल केला. एका वर्षासाठी. लोक असं करतात म्हणून आम्हाला काटा लागतो." त्या थोड्या पुढं झुकल्या. "डॉक्टर, हे मोजायचं दुसरं काही साधन नाही का तुमच्याकडे? खेळाडूच्या शब्दावर अवलंबून नसलेलं?"

डॉक्टरांनी वैजूकडे पाहिलं.

"आहे, मॅडम," वैजू म्हणाली. "पण त्याचा नियम झाला, तर ज्यांनी खपून दुसरी वाट शोधलीय आणि ज्या चांगल्या खेळताहेत, त्याही बाहेर पडतील. मला वर्ष पाहिजे. पण दुसऱ्या कुणाचं काढून नको."

"ते साधन तू दाखवणार नसशील, तर मग आम्ही काय करावं म्हणतेस?"

"जी मागेल तिला द्या. डॉक्टर आणि सर सांगतील ते ऐका, आणि तिचं ऐका. जी म्हणेल मला खेळायचंय, तिला खेळू द्या."

"वैजयंता, मला तुझं खरं वाटतंय. अगदी मनापासून. पण तुझं खरं मानलं, तर उद्या येणाऱ्या प्रत्येकीचं खरं मानावं लागेल."

"मग माना की, मॅडम."

परुळेकर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिघांनी आपसात बोलून घेतलं. निकाल सांगताना त्यांचा आवाज आणखीच मऊ झाला, आणि निकाल तोच होता जो काटा सांगत होता. हंगाम वैजूच्या नावावर पडला.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मी ती टोपीची रेघ दाखवली असती. तुला न विचारता."

"म्हणूनच तर तुमच्या हातात दिली नव्हती, सर."

*

दीक्षाला हे वैजूकडून कळलं नाही. इकबाल सरांनी सरावानंतर तिला थांबवून सांगितलं. ती खोलीवर आली तेव्हा वैजू पुस्तकं आवरत होती. दीक्षा दारातच उभी राहिली.

"बूट घाल," ती म्हणाली.

"कशाला?"

"बूट घाल म्हणतो ना. हंगाम अजून संपला न्हाई."

इतक्या दिवसांनी आलेले ते शब्द ऐकून वैजूनं बूट घातले. त्या दिवसापासून सगळे गेल्यावर दोघी मैदानावर थांबू लागल्या. दीक्षा चेंडू मारी आणि ओरडे, "खाली! वर! खाली बघ, मग वर!" वैजू पडे, उठे, माती झाडी. कधी चिडून चेंडू दूर भिरकावून देई. दीक्षा तो आणून पुन्हा तिच्या पायाशी ठेवी.

दीक्षाइतकं ते वैजूला जमलं नाही. तेवढे दिवसच उरले नव्हते. शेवटच्या सामन्यात, पुढच्या फळीतली मुलगी पायात पेटका येऊन बसली तेव्हा सरांनी वैजूला आत पाठवलं. तिनं काही चमत्कार केला नाही. दोनदा चुकली. एकदा नीट खाली पाहून, नीट वर पाहून मधोमध पास दिला, आणि त्यावर गोल होता होता हुकला. शिटी वाजल्यावर गॅलरीतल्या कुणीतरी तिचं नाव पुकारलं. आप्पांचाच आवाज होता तो.

दीक्षा शिबिरात गेली. देशाच्या संघात तिची निवडही झाली. आणि निवड जाहीर झाल्यावर, जेव्हा गमावण्यासारखं सगळ्यात जास्त तिच्याकडे होतं, तेव्हा तिनं परुळेकर मॅडमना भेटायची वेळ मागितली. आपला गुडघा वर्षभर अबोल आहे, आपण तसंच खेळलो, ते कसं केलं, आणि तसं करायची सक्ती कुणावर का असू नये, हे तिनं समितीपुढं उभं राहून सांगितलं. टोपीही स्वतःच घातली. रेषा सपाट आली. समितीनं ती रेषा पाहिली, मग तिचे सामने पाहिले.

देशाच्या संघाच्या डॉक्टरांनी तिला चार महिने बाहेर बसवलं. दीक्षानं फोनवर वैजूला सांगितलं तेव्हा ती रडत होती. पण केलेल्याचा पस्तावा नाही, असंही म्हणाली.

पुढच्या हंगामापासून लीगनं नियम बदलला. रेशीमबंध बसवलेल्या मुलीनं मागितलं, तर काटा काहीही म्हणो, तिला एकदा लाल वर्ष मिळू लागलं. जिला खेळायचंय तिनं खेळावं. नियम मागं जाऊन लागू होणार नव्हता. वैजूची पाच वर्षं भरली होती. लीगच्या लेखी ती आता खेळाडू नव्हती.

ती एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली. रविवारी पेठेच्या महिला संघातून खेळे, बगलेवरून नाही, मागं, बॅक म्हणून. दीक्षाकडून शिकलेलं तिथं उपयोगी पडे. पेठेच्या संघाला वर्षं मोजायची नव्हती. तिथं चाळिशीच्या बायकाही खेळत.

हिवाळ्यातल्या एका सकाळी शेजारच्या पेठेशी सामना होता. धुकं उतरत होतं, गवत ओलं होतं. समोरून एक उंच चेंडू आला. त्यांची फॉरवर्ड मोठी चपळ होती. वैजूच्या खांद्यावरून ती आत घुसू पाहत होती. वैजूनं चेंडू छातीवर घेतला, उजव्या पायावर गर्रकन वळली आणि तिला तशीच मागं सोडून पुढं निघाली. दहा पावलं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की आपण खाली पाहिलंच नव्हतं.

तिनं चेंडू घाईघाईनं मधल्या मुलीकडे ढकलला आणि जागीच उभी राहिली. गुडघ्यात बारीकशी हालचाल होती, वाकल्याची, ताणल्याची, आत काहीतरी जागं असल्याची. तिनं डोळे मिटले. पाय तिथंच होता.

बाजूच्या रेघेवरून आप्पा ओरडले, "काय गं, दुखलं काय?"

तिनं डोळे उघडले. चेंडू अजून त्या मुलीच्याच पायाशी होता, आणि पोरगी कुणाला द्यावा या विचारात होती.

"इकडं!" वैजू ओरडली, आणि पळत सुटली. "परत दे! मलाच दे!"